धूसर कुठून सुरू करायचं

ब्रशकाकांचं खरं नाव स्टुडिओत कुणालाच धड आठवत नव्हतं. डार्करूमच्या काळात ते बारीक ब्रशाने फोटोवरचे डाग बुजवायचे, तेव्हापासून हे नाव चिकटलं. ब्रश गेला, कॉम्प्युटर आला, नाव काही सुटलं नाही. माणूस असा की डोळे झाकून काम सोपवावं. आणि गेले आठ महिने काका जवळजवळ डोळे झाकूनच काम करत होते. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत होती: ते स्वतः आणि डोळ्यांचे डॉक्टर.

डॉक्टरांनी आडवळणाने काही सांगितलं नव्हतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाणार आणि गेलेलं परत येणार नाही. काका जिथे बघत नेमका तिथेच धुरकट डाग पडे. माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की कान दिसत, तोंड नाही. बायकोला सांगितलं नाही, कारण तिने हाय खाल्ली असती. स्टुडिओत सांगितलं नाही, कारण मग तिथे त्यांचं कामच काय उरलं असतं? फोटो दुरुस्त करण्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं, आणि येत नाही हे ते वर्षानुवर्षं मोठ्या दिमाखात सांगत आले होते.

मग त्यांनी शक्कल लढवली. कीबोर्डवरच्या कळा पाठ होत्याच, कुठे किती रंग, किती उजेड याचे आकडेही पाठ केले. चित्र चौपट मोठं करायचं, मान वाकडी करायची आणि कडेच्या नजरेने बघायचं. कुणी विचारलं तर मान आखडलीय म्हणायचं. आठ महिन्यांत एकही काम परत आलं नाही. एकही! रोज संध्याकाळी घरी जाताना काका हे स्वतःला बजावत, आणि तेवढ्या बळावर दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत येऊन बसत.

त्या दिवशीचं काम तर हातचा मळ होतं. स्केटिंग करणाऱ्या एका मुलीचा फोटो, तिच्या क्लबच्या पोस्टरसाठी. फोटोत सगळंच इतकं लख्ख आलं होतं की पोरगी धावतेय की उभी आहे ते कळत नव्हतं. वेग दिसायला हवा होता. चेहरा स्वच्छ, तिथून मागे जाता जाता हळूहळू पुसट, आणि मागचा पाय म्हणजे नुसत्या ओढलेल्या रेघा. त्यासाठी मूळ चित्राची एक प्रत वर ठेवायची आणि ती धावण्याच्या दिशेने फराटून टाकायची. मग तिच्यावर मास्कचं झाकण लावून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंग ओढायचा. काळं असेल तिथे धूसरपणा झाकला जातो, पांढरं असेल तिथे तो पुरता दिसतो, मधल्या करड्यात तो चढत जातो. मालकांची मुलगी शाळेत होती तेव्हा काकांनी तिला याच खुर्चीत बसवून हे शिकवलं होतं. आता मालक नव्हते आणि स्टुडिओ तीच चालवत होती.

काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल करायला एक्सची कळ असते. काकांनी ती दाबली. मग दाबली की नाही अशी शंका आली, म्हणून पुन्हा दाबली. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या, निवडलेला रंग दाखवणाऱ्या दोन इवल्या चौकोनांकडे पाहून कुणीही खात्री करून घेतली असती. काकांनी पाहिलं, तर चौकोनांच्या जागी डाग. बरोबरच असणार, असं म्हणून त्यांनी चेहऱ्यापासून मागच्या पायापर्यंत रंग ओढला. चेहरा पुसट दिसला खरा, पण हल्ली कुठला चेहरा पुसट दिसत नव्हता?

"झालं का, काका?" मालकीण काउंटरवरून म्हणाली.

"झालं!"

"राहू दे तसंच, मी येते."

ती नेहमीच असं म्हणायची. पण आज मुलीची आई ठरल्या वेळेच्या तासभर आधी आली होती, आणि बाई थांबणाऱ्यांतली नव्हती. ती तडक आत आली. काकांनी ऐटीत स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"बघा, कशी सुसाट निघालीय!"

बाई स्क्रीनजवळ वाकली. मग म्हणाली, "हिचं तोंड कुठाय?"

"म्हणजे काय? समोरच आहे की."

"अहो, तोंड पुसून टाकलंय तुम्ही! बूट तेवढे चकाचक."

मालकीण धावत आली. "कच्चं काम आहे हो ते. दहा मिनिटं बाहेर बसा ना," असं म्हणत तिने बाईला कशीबशी बाहेर नेलं. परत येऊन ती काकांच्या खांद्यावरून वाकली आणि तिने दोन कळा दाबल्या. मास्कवरच्या काळ्याचं पांढरं करणाऱ्या त्या कळा काकांनी आवाजावरून ओळखल्या. तिचा हात जराही अडखळला नव्हता.

"काय चुकलंय ते तुला इतक्या लगेच कसं कळलं?"

"मागच्या आठवड्यातही हेच झालं होतं, काका."

"ते काम तर पास झालं."

"तुम्ही घरी गेल्यावर मी नीट केलं."

"आणि त्याच्या आधीचं?"

"तेही."

"किती कामं, पोरी?"

"सगळीच."

काकांनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

"काकूला यातलं काही कळू देऊ नकोस," ते म्हणाले.

"काकूंनीच सांगितलं मला. पहिल्याच महिन्यात. तुमच्या शर्टाच्या खिशात डॉक्टरांचा कागद सापडला होता. म्हणाल्या, ह्यांना काढू नकोस आणि कळूही देऊ नकोस. मी जमेल तितकं केलं हो काका. पण आता दोघांचं काम एकटीला नाही झेपत. सोमवारपासून एक जण येतोय."

"आणि मी?"

"तुम्ही काउंटर सांभाळा ना."

"फोटोंच्या पाकिटांवरची नावं कोण वाचणार?"

काकांना संताप आला, पण तो काढायचा कुणावर? रोज संध्याकाळी बायको विचारायची, आज काय काय केलंत? ते रंगवून रंगवून सांगायचे आणि ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. आजही विचारेल. त्यांना वाटलं, घरीच जाऊ नये.

"एक कर," ते म्हणाले. "माझं आणि तू नीट केलेलं, दोन्ही शेजारी लाव."

"कशाला आता?"

"लाव म्हणतो ना!"

तिने लावलं. काकांनी मान डावीकडे वाकडी केली, उजवीकडे केली, नाक काचेला टेकेपर्यंत पुढे झुकले. हजार फोटोंतून स्वतःचा हात ओळखणारा माणूस तो. दोन मुली दिसत होत्या आणि दोघींच्या तोंडावर तोच एक डाग होता.

"हे डावीकडचं तू केलेलं, ना?"

"हो, काका," ती म्हणाली. इतक्या पटकन आणि इतक्या मायेने म्हणाली, की आपण चुकलो हे काकांना कळलं.