दाराच्या फटीतून आलेली वही

“आत्या, तू खरंच वेडी आहेस का गं?”

सुमंगलेने बंद दाराला तोंड लावून विचारलं. “आत्याला विचारायची हिम्मतच नाही तुझी!” असं शाळेत तिची मैत्रीण पार्वती म्हणाली होती ना, मग काय! उत्तर म्हणून दाराखालच्या फटीतून मी आले.

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. धारच्या बाजारातला जाडाभरडा कागद, उमाबाईंनी, म्हणजे सुमंगलेच्या आत्यानं, लुगड्याचा काठ लावून शिवलेला. सासरच्यांनी परत पाठवल्यापासून आठ वर्षं त्यांनी माझ्यात आपली हकीकत लिहिली, तिथी घालून. शाई मिळेल तेव्हा शाईने, नाहीतर कोळशाने.

उमाबाईंना अमावास्या बाधते, अशी घरात पक्की समजूत. म्हणून दर वद्य चतुर्दशीला खोलीला बाहेरून कडी पडे. आजही पडली होती. उद्या तर अमझेऱ्याहून बाधा उतरवणारा एक जाणता येऊन त्यांच्या कपाळावर तापल्या सळईचा डाग देणार होता. परसात गोवऱ्या रचून तयार होत्या.

सुमंगला जिन्यावर बसून वाचू लागली.

‘वैशाख शुद्ध पंचमी. आवाज आले. विहिरीत ये म्हणाले. वहिनी तांदूळ निवडत होती. विचारलं, तुला ऐकू येतं? ती नाही म्हणाली. मी गेले नाही.’

‘वद्य चतुर्दशी. कडी पडली. आवाज आले. विचारायला कोणी नाही. भिंतीवर डोकं आपटलं.’

तिचं बोट तिथ्यांवरून भराभर फिरलं. आवाज कुठल्याही तिथीला येत होते! डोकं फुटलं होतं ते मात्र कडी पडल्यावरच, विचारायला कोणी नसताना.

शेवटची ओळ कोळशाची, बोटाला लागावी इतकी ताजी: ‘उद्या डाग. आवाज आज हसताहेत.’

मित्रांनो, आठ वर्षांत मला कोणी उघडलं नव्हतं. वेड्याचं लिहिणं वाचलं की वेड लागतं म्हणे! तुम्ही तरी असं करू नका. ज्याची भीती वाटते, त्याचं म्हणणं आधी ऐका.

सुमंगला मला छातीशी धरून धडाधड खाली आली.

“अगं, टाक ती वही!” तिची आई, माई, किंचाळली.

“भिऊ नकोस माई. तूच आहेस हिच्यात, तांदूळ निवडताना.”

ओसरीवर तिचे वडील बापूसाहेब सळई पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“बापूसाहेब, आजपासून मी आत्याच्या खोलीत राहणार. डाग द्यायचाच असेल तर आधी मला द्या. आणि कडी? ती आता आतून लागेल.”