पारा दहावर थांबतो

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सात नंबरच्या खाटेवरच्या आजी मोरीत पडल्या. खुब्याचे हाड मोडले.

मित्रांनो, मी त्या वॉर्डातले रक्तदाब मोजायचे जुने यंत्र. पत्र्याची पेटी, आत पाऱ्याची नळी. नवे होते तेव्हा डॉक्टर म्हणत, "याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं नाही." पुढे एका दुरुस्तीत पारा जास्त भरला गेला. तेव्हापासून पट्टा रिकामा असला तरी पारा शून्यावर उतरत नाही, दहावर थांबतो. मोठ्या सिस्टरांनी तक्रारीचे तीन अर्ज दिले. चौथा दिला नाही. त्या मनातल्या मनात दहा वजा करून आकडा लिहू लागल्या. सगळ्या जुन्या सिस्टर तसेच करत. दहा वजा करायचे हे मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

काल मोठ्या सिस्टर रजेवर होत्या. दुपारी नव्या सिस्टरने आजींच्या दंडाला माझा पट्टा बांधला, नीट ऐकले आणि दिसला तो आकडा लिहिला. एकशे अडुसष्ट. भिंतीवरच्या तक्त्यात एकशे साठच्या पुढे रक्तदाब उतरवणारी दुसरी गोळी होती.

"अगं, एकीनेच गरगरतंय मला," आजी म्हणाल्या.

"आजी, हजारो माणसांवर पडताळून ठरवलंय हे."

"त्या हजारांत मी होते का गं?"

नवी सिस्टर हसली. आजीही हसल्या. गोळी गिळली.

आज नऊ वाजता मोठ्या सिस्टरांनी कागद पाहिला.

"दहा वजा केलेस ना?"

"कुठले दहा, ताई?"

मोठ्या सिस्टर खुर्चीत बसल्या.

"गोळी तक्त्याप्रमाणेच दिलीय," फेरीवर आलेले डॉक्टर म्हणाले. "आजींच्या मुलीला सांगू, वय झालं, तोल गेला."

"तक्ता बरोबर आहे हो. आकडा खोटा आहे."

"त्यानेच पडल्या हे कुठे सिद्ध झालंय? उलट या पोरीची नोकरी जाईल."

मोठ्या सिस्टरांनी माझे झाकण उघडले.

मला काही वाटत नाही. पत्र्याला वाटत नसते. मित्रांनो, एवढेच सांगते: मोजणाऱ्यालाही अधूनमधून मोजून पाहा, आणि खोट सापडली तर मनात ठेवू नका, लिहा.

आता साडेअकरा झाले आहेत. आजींची मुलगी बाहेर बाकावर बसली आहे. मांडीवर आईचा चष्मा आहे. मोठ्या सिस्टर मला दोन्ही हातांत धरून दाराशी उभ्या आहेत. झाकण उघडे आहे. पारा दहावर आहे.