झाकणावरचं पाणी

१९७४ सालचा उन्हाळा. माझा धाकटा भाऊ राघो भिवंडीतल्या आमच्या डाईंगच्या कारखान्यात टेबलापाशी उभा होता. हातात स्टीलची सळई. तिच्यातून निघालेल्या तीन वायरी ट्रान्समीटर नावाच्या डबीत गेल्या होत्या, आणि तिथून एक जोड भिंतीवरच्या काट्याकडे. सळई बर्फात बुडवली की काटा शून्यावर, उकळत्या पाण्यात घातली की शंभरावर.

"दाजी, आता झाकनावर पानी मारायचं बंद," राघो माझ्या नवऱ्याला म्हणाला. "काटा खाली आला का खुशाल खोला."

माझा नवरा कोंडू कियरवर होता. कियर म्हणजे कापड वाफेत उकळायची झाकणबंद टाकी. तिच्या दाबाचं घड्याळ कधीचंच बंद पडलेलं. म्हणून झाकणावर ओल्या हाताने पाणी शिंपडायचं, चर्र वाजलं की थांबायचं, अशी तिथली रीत.

"आन तुजा काटा झोपला तर?" कोंडूने विचारलं.

"तो काय तुमच्यासारखा ड्युटीवर झोपनारा हाय?"

मी बाजूला कापडाच्या घड्या घालत होते. मीही हसले.

मग सळई कियरमध्ये बसवली. वायरी न्यायला जागा नव्हती, म्हणून राघोने त्या वाफेच्या पाइपालाच बांधल्या. कियर तापवून पुन्हा एकदा बघू, असं तो म्हणत होता. मॅनेजर ओरडला, "माल रुका है, बाद में देखना!"

ते नंतर कधी आलं नाही. काटा बरोबर चालत होता. हळूहळू सगळ्यांनी पाणी मारणं सोडलं, कोंडूनेही.

एका दुपारी काटा खाली आला. कोंडूने झाकणाचे बोल्ट सैल केले. मी धावत गेले तेव्हा वाफेत काहीच दिसत नव्हतं, फक्त त्याचा आवाज येत होता. दवाखान्यातून तो घरी आला नाही.

चौकशीच्या दिवशी मॅनेजरने राघोला व्हरांड्यात गाठलं. "बोल दे, उसीने जल्दबाजी की. तेरी नौकरी रहेगी."

मी ऐकत होते. माझा माणूस स्वतःच्या चुकीने मेला, असं कागदावर लिहिलं जाणार होतं, आणि माझी लेक बकुळा तेच ऐकत मोठी होणार होती.

राघोने माझ्याकडे पाहिलं नाही. आत जाऊन चौकशीच्या साहेबांना म्हणाला, "पाइपाच्या गरमीनं वायरीवरचं रबर वितळलं, वायरी एकमेकीला चिकटल्या. कियर तापल्याली, आन काटा थंड दावत व्हता. दाजींची चूक न्हाय. वायरी म्या बांधल्या."

कोंडूवर ठपका आला नाही. राघोला मात्र भिवंडीत पुन्हा कुणी हत्यार हातात धरू दिलं नाही. तो दिघाशीला आमच्या बापाच्या शेतावर राबला आणि तिथेच म्हातारा झाला. मॅनेजर गुजरातेत मोठ्या कारखान्यावर गेला. आमचा कारखाना बंद पडला, तिथे आता गोदाम आहे. बंद पडेपर्यंत मी तिथे घड्याच घालत होते.

बकुळाच्या लग्नात भटजींनी मामाला हाक मारली, तेव्हा राघो मांडवाबाहेर उभा होता.

"दुसऱ्या कोनाला तरी उबा कर, ताई."

"तिला दुसरा मामा न्हाय," मी म्हणाले, आणि मनगट धरून त्याला आत आणलं.

मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तिच्या पाठीमागे उभा होता. तिच्या खांद्यावर ठेवायचा हात त्याने खांद्याच्या जरा वरच धरून ठेवला होता.