पुसलेला निळा रंग

"ह्या खटाऱ्याला अजून किती दिवस दारात उभं ठेवणार आहे ही? येताजाता कोट अडकतो माझा."

बुटांचा चिखल खरवडता खरवडता एमोके हे पुटपुटली. आत आईला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू. पण मी हातभर अंतरावर उभी होते.

खटारा म्हणजे मी. मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. हिरवी, बायकांची, मधला दांडा खाली वाकवलेली. हिरवी म्हणजे होते एके काळी. आता कुठे हिरवी, कुठे तपकिरी, आणि मागच्या मडगार्डवर एके ठिकाणी नुसता पत्रा. त्या नुसत्या पत्र्याचीच ही गोष्ट आहे. मला आता फार बोलवत नाही. चढावर धाप लागते तसं होतं. पण हे एवढं सांगते.

माझा जन्म बुडापेस्टच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. रंगाचा वास आणि शेजारी टांगलेल्या माझ्यासारख्याच शे-दोनशे बहिणी, एवढंच. मला रेल्वेने मारोश नदीच्या काठी ह्या गावात आणलं, आणि तेवीस वर्षांच्या एतेल्काच्या हाती दिलं. ती तेव्हा नुकतीच शाळेच्या स्वयंपाकघरात लागली होती. तिने पहिल्यांदा काय केलं असेल? घंटी वाजवून पाहिली, आणि मग स्वतःच लाजून इकडे-तिकडे बघितलं. त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली.

ह्या वर्षांत मी काय वाहिलं नाही! कांद्याची पोती वाहिली. पिशवीतून मान बाहेर काढलेलं जिवंत बदक वाहिलं; ते वाटभर माझ्या घंटीला उत्तर देत होतं. दर नोव्हेंबरात कबरस्तानात न्यायची शेवंती वाहिली. आणि पुढच्या वेताच्या खुर्चीत बसवून एतेल्काच्या लेकीला, एमोकेला वाहिलं. आज जिचा कोट माझ्या पेडलात अडकतो, तिचे पाय तेव्हा त्या पेडलापर्यंत पोचतसुद्धा नव्हते. मी राग धरत नाही. सायकलीला राग परवडत नाही.

एतेल्का निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता मीही बसले. पण नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातून एकावर एक रचलेले जेवणाचे डबे घ्यायचे, हँडलला अडकवायचे, आणि बांधाकडच्या तीन घरांत पोचवायचे, हे काम तिने मागून घेतलं. त्या तीन घरांत अंथरुणाला खिळलेली तीन माणसं होती. साडेअकराला माझी घंटी वाजली नाही तर ती खिडकीकडे तोंड करून पडून राहत.

आमच्या गावाची एक रीत आहे. वाकडी किंवा चिखलाने माखलेली सायकल रात्रभर दारात ठेवायची नाही. ठेवली तर दुसऱ्या दिवशी दुकानात बायका सायकलीबद्दल बोलत नाहीत, त्या घरातल्या बाईबद्दल बोलतात. त्यामुळे देझोचं चांगलं चालतं. देझो म्हणजे आमचा सायकल दुरुस्त करणारा. जुन्या लोहारकामाच्या शेडमध्ये बसतो. माझा सांगाडा ठोकून पाहिला की दर वेळी म्हणतो, "एतेल्काताई, असा सांगाडा आता होत नाही." आणि एतेल्का म्हणते, "माझ्याबद्दल बोलतोयस की हिच्याबद्दल?" वीस वर्षं हाच विनोद. दोघेही दर वेळी हसतात.

आता त्या मंगळवारचं सांगते.

थंडीचे दिवस होते, पण धुकं नव्हतं. हे लक्षात ठेवा. आम्ही डबे घेऊन रेल्वे फाटकाकडे चाललो होतो. मागून हॉर्न वाजला, आणि एक निळी व्हॅन इतक्या जवळून गेली की तिचा आरसा वरच्या डब्याला घासला. सूप माझ्या चेनवर सांडलं. व्हॅन कोर्नेलची होती. तो गावात गॅसचे सिलिंडर पोचवतो. वाईट माणूस आहे असं कुणी म्हणणार नाही. कुणाच्या घरी सिलिंडर उचलून आत ठेवून देतो, कुणाची औषधं शहरातून आणतो. आणि गिझीच्या नवऱ्याला, बेनीला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतो आणि आणतो. त्याचं काही घेत नाही. हॉस्पिटलची गाडी येते, पण ती आठ गावं फिरवून नेते. बेनी घरी येतो तो अर्धमेला होऊन. कोर्नेलच्या गाडीत तो झोपून येतो. फक्त, स्टिअरिंग हातात आलं की कोर्नेलला पुढे असलेली प्रत्येक गोष्ट आपल्याला मुद्दाम अडवायला आली आहे असं वाटतं.

फाटक पडलेलं होतं. त्यामुळे व्हॅनलाही थांबावं लागलं. एतेल्काने मला तिच्या शेजारी नेलं आणि काचेवर टकटक केली.

"कोर्नेल, अरे माझं कोपर गेलं असतं. एवढी कसली घाई?"

त्याने काच खाली केली. "मावशी, ह्या वयात माणसाने घरी बसावं. रस्ता म्हणजे काय तुमचा स्वयंपाकाचा ओटा आहे?"

"आठ वर्षं तुला शाळेत मी वाढलंय," एतेल्का म्हणाली. "तेव्हाही तू रांगेत घुसायचास."

फाटकाला लागून गिझीचं अंगण आहे. ती बदकांना दाणे टाकत होती. तिने हे ऐकलं आणि खळखळून हसली. अगदी मनापासून. त्या हसण्याने कोर्नेलचे कान लाल झालेले मी पाहिले.

आगगाडी गेली, फाटक वर झालं. व्हॅन हलली नाही. त्याने आम्हाला पुढे जाऊ दिलं. मला वाटलं, शहाणा झाला. रूळ ओलांडून आम्ही पन्नास पावलं गेलो असू, तेवढ्यात इंजिनाचा आवाज पाठीशी आला. त्याने मला धडक दिली असं मी म्हणणार नाही. हातात सामान असलं की माणूस दार पायाने ढकलतो ना, तसं त्याने मला मागून ढकललं. तेवढं पुरलं. माझं मागचं चाक दुमडलं आणि आम्ही खड्ड्यात गेलो. व्हॅन क्षणभर थांबली. मग निघून गेली.

गिझी धावत आली. तिच्या एप्रनमधून दाणे सांडत होते. एतेल्का खड्ड्यात बसली होती; कोटावर शेवया, आणि उजवं मनगट भलतीकडेच वळलेलं. तोंड पांढरं पडलं होतं. तशातही तिने पहिली गोष्ट काय विचारली, सांगते.

"गिझी, बेनीला न्यायचा दिवस कोणता?"

"आज," गिझी म्हणाली. "आज दोन वाजता येणार आहे तो."

एतेल्काने गिझीकडे पाहिलं. गिझीने माझ्याकडे पाहिलं.

"मग मी पडले," एतेल्का म्हणाली. "धुकं होतं."

इतक्या सोप्या रीतीने ते झालं, मित्रांनो. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक होतं की एतेल्का धुक्यात पडली. दिवसभर लख्ख ऊन होतं, पण धुकं कुणाला खटकलं नाही.

आणि देझोने काय केलं? चांगलंच केलं त्याने. वाकडी सायकल रात्रभर राहू नये म्हणून हातगाडीवर घालून मला नेलं. मागचं चाक सोडवलं, एकेक तार ओढून सरळ केलं. चेनमधल्या शेवया काढल्या. मग पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा घेऊन मडगार्ड पुसायला बसला. मडगार्डवर मागच्या बाजूला बोटभर निळा रंग लागला होता. देझोचा हात थांबला. माणूस पडतो तेव्हा सायकल कुठे वाकते आणि कुठे वाकत नाही, हे त्याला नाही तर कुणाला कळणार? तो बराच वेळ त्या रंगाकडे बघत राहिला. मग त्याने तो घासून काढला. खालचा हिरवाही थोडा गेला. माझ्याकडे तेवढीच एक साक्ष होती, आणि ती त्याने मायेने पुसली.

म्हणून सांगते, तुमच्यापैकी जे सायकल चालवतात त्यांनी ऐकावं. कुणी गाडीवाला अंगावर आला तर त्याच्या काचेवर टकटक करायला जाऊ नका. एतेल्काचं वाक्य फक्कड होतं, मला अजून हसू येतं, पण ते तिला मनगट देऊन घ्यावं लागलं. रागावलेल्या माणसाला पुढे जाऊ द्या, आपण कडेला उतरा, त्याच्या मागे लागू नका. गाडीचा नंबर मात्र पाहा आणि लगेच कुठेतरी लिहा, हातावर लिहा हवं तर. कोण पाहत होतं त्याचं नाव विचारून घ्या. उद्या तोच माणूस बदकांकडे बघत होतो म्हणेल. फोटो काढा. लागलं नसेल असं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा. मग पोलिसांकडे जा, आणि काय झालं ते त्याच दिवशी, होतं तसं सांगा. रात्र मध्ये गेली की त्यात धुकं शिरतं. आणि हे सगळं होईपर्यंत सायकल वाकडी राहू द्या. लोक बोलतील. बोलू दे. आम्हाला सरळ करायची घाई करू नका हो. आमचं वाकडेपण हेच आमचं बोलणं असतं.

हे सगळं मला तेव्हा कुणाला सांगता आलं असतं तर! माझ्याजवळ फक्त घंटी आहे.

पडलेल्या बाईचं पुढे काय होतं? तिचं वय होतं. आदल्या दिवशी एतेल्काचं वय नव्हतं, दुसऱ्या दिवशी झालं. एमोके शहरातून धावत आली आणि म्हणाली, "आई, तोल जायला लागला म्हणजे बास. सायकल बंद." एतेल्का काही बोलली नाही. काय बोलणार? तोल गेला नव्हता म्हटलं तर मग काय झालं होतं, हे सांगावं लागलं असतं. डब्यांचं काम शाळेने दुसऱ्या कुणाला तरी दिलं. ती बाई मोटारीतून जाते. तिला घंटी नाही. आणि माझी सोयही एमोकेने लावली. वाचनालयासमोर फुलझाडांसाठी जुन्या सायकली हव्या आहेत म्हणे. पांढरा रंग द्यायचा, चाकं सिमेंटमध्ये पुरायची, आणि टोपलीत पेटुनिया. वाचनालयासमोर एक उभी आहे तशी. मी तिच्यासमोरून जायचे तेव्हा घंटी वाजवायचे. तिची घंटी काढून घेतली आहे.

एतेल्का रोज सकाळी ओसरीवर येते. प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून डाव्या हाताने माझी सीट पुसते. मग आत जाते. तिची पावलं आता खरंच म्हातारीसारखी पडतात. खोटं बोललं की ते हळूहळू अंगात मुरतं, असं मला वाटायला लागलं आहे.

तर आज तिच्या नावाचा दिवस. आमच्याकडे कॅलेंडरात प्रत्येक नावाला एक दिवस असतो, आणि तो वाढदिवसासारखा साजरा होतो. ह्या दिवशी आमच्याकडे बोलावणं नसतं. ज्याला माया आहे तो आपणहून येतो, आणि जो येत नाही त्याचं का आला नाही याची चर्चा होते. म्हणून कोर्नेलही आला. कुंडीतली फुलं घेऊन आला.

"हात चुंबतो, मावशी," तो दारातून म्हणाला. मोठ्या बायकांना इथे असंच म्हणतात. मग त्याला प्लास्टर दिसलं आणि त्याने कुंडी डाव्या हातात द्यावी की उजव्या, याचाच घोळ घातला. शेवटी ती माझ्या कॅरियरवर ठेवली. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. माझ्या मागच्या बाजूकडे तो बघत नव्हता.

ओसरीवर दाटी झाली. गिझीने खसखशीचा रोल आणला होता. देझो ग्लास हातात घेऊन खांबाला टेकला होता.

"बेनी कसा आहे?" एतेल्काने विचारलं.

"बरा आहे," गिझी म्हणाली आणि रोल कापायला लागली. आधीच कापलेला रोल.

एमोके बाहेर आली. "कोर्नेल, तुमची गाडी आहे ना दारात? मग ही सायकल आजच वाचनालयापाशी टाकाल का? माझं मन निश्चिंत होईल. म्हातारं माणूस, परत पडली म्हणजे?"

कोर्नेलने घसा साफ केला.

"टाकतो की," तो म्हणाला. "मावशींसाठी एवढं तर करायलाच हवं."

त्याने कुंडी खाली ठेवली. एक हात माझ्या हँडलवर ठेवला, एक सीटवर. त्याचा हात ओला होता. देझोने ग्लास तोंडाला लावला, पण प्यायला नाही; माझ्या मडगार्डवरच्या नुसत्या पत्र्याकडे बघत राहिला.

"देझो," एतेल्का हलकेच म्हणाली, "तिची घंटी तेवढी काढून दे मला."

देझो जागचा हलला नाही. कोर्नेलने मला उचललं. पुढचं चाक हवेत आपसूक फिरलं.

"ठेव तिला खाली," गिझी म्हणाली.

सुरी अजून तिच्या हातात होती. ती तिने ताटात ठेवली, हात एप्रनला पुसले, नीट, एकेक बोट.

"गिझी, राहू दे," एतेल्का म्हणाली. "बेनीचा विचार कर."

"पंधरा दिवस तोच केला. बेनी जाईल हॉस्पिटलच्या गाडीने. आठ गावं फिरून जाईल." तिने एमोकेकडे पाहिलं, आणि मग सरळ कोर्नेलकडे. "तुझी आई पडली नाही, पोरी. धुकं नव्हतं. ह्याने गाडी घालून पाडलं तिला. मी अंगणात उभी होते. मी पाहिलं."