पुलाच्या अलीकडचा चीफ

पेनसिल्व्हेनियातल्या स्लेट होलो गावाला स्वतःचं पोलीसखातं होतं तेव्हा त्यात चार माणसं होती, आणि बर्नी युर्कोनिस त्यांचा चीफ होता. तो निवृत्त झाला आणि दोन वर्षांनी नगरसभेनं खातंच बंद करून टाकलं. आता काही झालं तर राज्याचे पोलीस चाळीस मिनिटांच्या अंतरावरून येतात. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, त्यामुळे नोंद करायला सोपं जातं. जुन्या ठाण्यात कुत्र्यांचे केस कापायचं दुकान निघालं. कोठडी तशीच ठेवली आहे. मोठ्या कुत्र्यांना बरी पडते.

या सगळ्याचं चीफला फार वाईट वाटलं होतं असं नाही. त्याचं चित्त उडालं ते एप्रिलात, पाकिटातलं ओळखपत्र सहज काढून बघितलं तेव्हा. मुदत संपली होती.

केंद्राचा कायदा साधा आहे. दहा वर्षं नोकरी केलेल्या निवृत्त पोलिसानं वर्षातून एकदा नेमबाजीची परीक्षा द्यावी, आपल्या खात्याचं फोटोवालं ओळखपत्र खिशात ठेवावं, आणि कमरेला पिस्तूल लावून कुठल्याही राज्यात खुशाल हिंडावं. नेमबाजीत चीफला पन्नासात सत्तेचाळीस होते. ओळखपत्र मात्र खात्यानं द्यायचं, आणि खातं तर आता कुत्र्यांचे केस कापत होतं.

पाच वर्षांच्या मुदतीचा नियम खुद्द चीफनंच केला होता. निवृत्त सार्जंट स्टॅनची नजर अधू झाली होती. सगळ्यांना माहीत होतं, पण म्हाताऱ्याला दुखवायचं कशाला म्हणून चीफ दोन वर्षं काणाडोळा करत राहिला. मग एका रविवारी भर दुपारी स्टॅननं शेजारच्या अंगणातल्या प्लॅस्टिकच्या हरणाला तीनदा हात वर करायला सांगितलं, आणि त्यानं न ऐकल्यामुळे गोळी घातली. हरणाच्या मागे दोन हातांवर शेजारीण टोमॅटोची रोपं लावत होती. दुसऱ्या दिवशी चीफनं नियम काढला: दर पाच वर्षांनी नवं ओळखपत्र, चीफच्या सहीनं. आता सही करायला चीफच नव्हता.

गावात हिंडायला त्याच्याकडे राज्याचा साधा परवाना होता. पण पॉलाचं, त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न होतं न्यू जर्सीत, डेलावेअर नदीच्या पलीकडे. पलीकडे तो परवाना चालत नाही. ओळखपत्राशिवाय पिस्तूल घेऊन पूल ओलांडला तर सरळ तुरुंग.

"डॅड, तू नुसता ये ना," पॉला फोनवर म्हणाली. "मला तू हवायस. पिस्तुलाला मी बोलावलेलं नाही."

"ते बरोबर असतंच गं."

"आमंत्रणावर 'एक सोबती' लिहिलंय ते मॉमसाठी."

चीफ हसला, फोन ठेवला आणि उठून मागचं दार लावलंय का ते बघून आला. मग पुढचं. मग पुन्हा मागचं.

एकोणतीस वर्षांपूर्वी, सुटीच्या दिवशी, तो पिस्तूल घरी ठेवून दूध आणायला दुकानात गेला होता. तिथं एका माणसानं गल्ल्यावरच्या मुलीच्या गळ्याला सुरा लावला. वीस मिनिटं. चीफ दुधाचा कॅन हातात धरून उभा होता. मुलगी वाचली, आता तिला नातवंडं आहेत, आणि चर्चमध्ये भेटली की ती आपणहून त्याची चौकशी करते. त्यानं त्याला आणखीच कसंतरी होतं. त्या दिवसापासून तो कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलासुद्धा पिस्तुलाशिवाय गेला नव्हता.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा तो नगरसभेच्या कचेरीत गेला. तिथं मार्लीन बसते. गावाची सचिव, पाणीपट्टीची कारकून आणि कुत्र्यांचे परवाने देणारी अधिकारी ती एकटीच.

"मार्लीन, एक ओळखपत्र दे."

"कुणाचं?"

"माझं. निवृत्त पोलीस म्हणून."

"अरे, पण पोलीसच नाहीत, तर निवृत्त कुठून काढू? राज्याच्या लोकांना विचार."

"विचारलं. ते म्हणतात, ज्या खात्यातून निवृत्त झालात त्यांनी द्यावं."

"आणि काउंटीचे?"

"ते म्हणतात, मार्लीनला विचारा."

मार्लीननं चष्मा कपाळावर चढवला. पहिलीपासून ती त्याच्या वर्गात होती, त्यामुळे त्याचा चेहरा तिला वाचता यायचा. "फोटोचं कार्ड छापायचं यंत्र आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "पण ते पोहण्याच्या तलावाचं आहे. वरची ओळ बदलता येत नाही."

चीफनं केस सारखे केले आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

कार्ड गरम गरम बाहेर आलं. वर निळ्या लाटा आणि 'स्लेट होलो नगर जलतरण तलाव'. खाली चीफचा करारी चेहरा. मार्लीननं जागा मिळेल तिथं 'निवृत्त पोलीस प्रमुख' बसवलं होतं. त्याच्याखाली यंत्रानं वय बघून आपलं आपण छापलं होतं: 'उंच फळीवरून उडी मारण्यास मनाई'.

"सही शिक्क्यासकट आहे," मार्लीन म्हणाली. "कुणी हसलं तर मला फोन करायला सांग."

लग्नाच्या शनिवारी सकाळी नऊला ती दोघं निघाली. गाडी त्याची बायको डोलोरेस चालवत होती, कारण चीफ आठवडाभर झोपला नव्हता. पिस्तूल कोटाखाली होतं. पूल दिसायला लागला तसा तो म्हणाला, "इथं उजवीकडे घे."

"उजवीकडे पूल नाही, बर्नी."

"घे गं."

अलीकडच्या गावाला त्यांनी चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला डोलोरेसनं फुलांच्या दुकानासमोर गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"तीनला लग्न आहे. आता पाऊण वाजलाय. ते घेऊन पलीकडे आलास तर मी लग्नाला आणि तुरुंगात तुला भेटायला, दोन्हीकडे याच ड्रेसमध्ये येणार. दुसरा आणलेला नाही. आणि आलाच नाहीस, तर पॉलाला काय सांगायचं ते आत्ताच लिहून दे. मला पाठ करायला वेळ लागतो."

चीफ खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि समोरच्या पोलीसठाण्यात शिरला.

टेबलामागे टिअर्नन नावाचा तिशीतला पोलीस सँडविच खात होता.

"हे दोन दिवस ठेवून घ्यायचंय," चीफ म्हणाला. त्यानं कोट बाजूला करून पिस्तूल दाखवलं आणि हात वर ठेवले, जसे दुसऱ्यांना आयुष्यभर ठेवायला लावले होते तसे.

टिअर्नननं ओळखपत्र मागितलं. ते त्यानं पुढून वाचलं, मागून वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पोरगा पुढं जाणार हे चीफनं तिथंच ओळखलं.

"चीफ होता तुम्ही, सर?"

"एकतीस वर्षं नोकरी. शेवटची बारा चीफ."

टिअर्नन पुढं वाकला, आवाज उतरवला. "मग कशाला एवढा खटाटोप? पुलावर कुणी अडवत नाही. आणि अडवलंच तर सांगा, पोलिसातला आहे. पलीकडचे आपलेच आहेत. पोलीस पोलिसाला कशाला अडकवेल? जा तुम्ही, मी काही पाहिलं नाही."

चीफला वाटलं, आपण स्टॅनशी अगदी असंच बोलायचो. हाच आवाज, हेच वाकणं. बोलताना किती मोठ्या मनाचं वाटायचं! हरणाच्या मागं वाकलेली ती बाई त्याला टोमॅटोच्या रोपासकट दिसली.

"पोरा," तो म्हणाला, "पाहिलं नाही म्हणू नकोस. नीट पाहा. मी बिनकागदाचा माणूस आहे. अर्ज काढ."

टिअर्नननं सँडविच बाजूला ठेवलं आणि अर्ज काढला. शस्त्र जमा करण्याचं कारण, या रकान्यात चीफनं 'मुलीचं लग्न' असं लिहिलं.

बाहेर येताना त्याला पायरीचा अंदाज चुकला. उजवी बाजू हलकी झाल्यामुळे तो डावीकडे झुकत होता. पुलावर त्यानं डोळे मिटून घेतले. डोलोरेस मध्येच एकदा "झालं" म्हणाली तेव्हा उघडले. पलीकडची झाडं तशीच हिरवी होती, त्यात त्याला काहीतरी संशयास्पद वाटलं.

हॉलला दारं तीन होती. एकाला बाहेरून कुलूप. माणसं एकशे चाळीस, त्यांतली निम्मी पलीकडची, एकाचीही खात्री नाही. चीफ उभा राहिला की बसावंसं वाटायचं, बसला की उठावंसं. वाजंत्री सुरू झाली. पॉला आली आणि त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"डावीकडून धर ना," तो पुटपुटला. त्यांच्या घरात त्याचा उजवा हात कुणी कधी धरलाच नव्हता. डोलोरेस पहिल्यापासून डावीकडून चालायची.

"डॅड, फोटोवाला तिकडे आहे. कोपर खाली कर. कोंबडा दिसतोयस."

त्यानं कोपर खाली केलं. ते थेट बरगडीला जाऊन टेकलं. मध्ये काहीच नव्हतं. पॉलानं हात आत घातला आणि दंड घट्ट पकडला. आता एखादा सुरा घेऊन आलाच, तर चीफला हा हातसुद्धा मोकळा नव्हता.

"नवऱ्यापर्यंत किती अंतर आहे?" तिनं विचारलं.

"साठ पावलं."

"मोजलीस?"

"दोनदा."

ती दोघं चालायला लागली. चाळिसाव्या पावलाला त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं मान वळवून मागच्या दाराकडे बघितलं. फोटोवाल्यानं नेमका तोच क्षण टिपला. तो फोटो आता पॉलाच्या सासरी दिवाणखान्यात लावलेला आहे. बघणारे म्हणतात, बापाचा जीव बघा कसा मागं घुटमळतोय. चीफ कुणाचा गैरसमज दूर करत नाही. दार उघडंच होतं, आणि आत कुणीही येत नव्हतं.