जिंकणाऱ्याचं इंजिन

शर्यतीच्या पट्टीवर तिला सगळे वहिनीच म्हणायचे. तिचा नवरा आणि दीर या दोघांनी मिळून एका बंद पडलेल्या विमानतळावर ही पट्टी सुरू केली होती. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि सरळ रेषेत जो आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. पुढे नवऱ्याने वेळ मोजायच्या मनोऱ्यात बस्तान बसवलं, दिराने इंजिनं बांधण्यात नाव काढलं आणि कारभार वहिनीच्या गळ्यात पडला. गळ्यात पडला असं इतर म्हणायचे; तिला तो मनापासून आवडायचा.

तिला एकच गोष्ट खुपत होती. कठड्यापाशी बघ्यांची झुंबड असायची आणि रांगेत मात्र त्याच त्या चार गाड्या. "तुम्ही का नाही उतरत?" असं कुणालाही विचारलं तरी उत्तर ठरलेलं, "आमच्या आवाक्यातलं नाही हो, वहिनी." खोटं नव्हतं ते. दिराच्या हातचं एक इंजिन घ्यायचं तर माणसाला घर विकायची पाळी यायची.

मग एक दिवस वहिनीने खडू घेतला आणि नोंदणीच्या खिडकीशेजारच्या फळ्यावर नवा गट लिहून टाकला. गाडी एकाच बनावटीची, गल्लोगल्ली दिसणारी, जुनी छोटी चार दारांची. टायर रोजचेच. इंजिन कंपनीने दिलं तसंच.

दिराने फळा वाचून कपाळाला हात लावला. "वहिनी, ही काय भाजी आणायच्या गाड्यांची शर्यत?"

"हो, भावजी. भाजी तेवढी उतरवून ठेवायची."

"आणि कुणी आतून इंजिन सजवून आणलं तर? प्रत्येकाचं उघडून बघत बसणार?"

"एकाचंही उघडणार नाही. शेवटचा नियम वाचा."

शेवटचा नियम असा होता: शर्यत संपली की हरलेल्यांपैकी कुणीही जिंकणाऱ्याचं इंजिन मागू शकेल, बदल्यात स्वतःचं द्यायचं. जिंकणारा नाही म्हणाला तर वर्षभर बाहेर.

"असं कोण मागतंय!" दीर हसला आणि निघून गेला.

पहिल्याच शर्यतीला नवी माणसं आली. प्रसूतिगृहातली एक नर्स तर सासूबाईंची गाडी घेऊन आली, आणि शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन खुद्द सासूबाई. "मी इथे उतरते," त्या म्हणाल्या, "पण सीट मागे सरकवली आहेस ती परत होती तशी कर हं."

सगळ्यांच्या मागून एक मळकी तपकिरी गाडी आत आली. चालवणारा दीर होता. "मीही बघतो म्हटलं, काय गंमत आहे ती." त्याने गाडी सुरू केली मात्र, वहिनीच्या कानाने ओळखलं. ते इंजिन बाहेरून कंपनीचं आणि आतून दिराचं होतं. मनोऱ्यातून नवऱ्याचा फोन आला, "ऐकलंस ना? काढ त्याला बाहेर."

"राहू दे," वहिनी म्हणाली. "नियम आहे की त्याला."

अंतिम फेरीत नर्स आणि दीर समोरासमोर आले. दिवा हिरवा झाला तेव्हा नर्सच आधी सुटली. तिच्या पायाला उसंत म्हणून माहीत नव्हती. पण अर्ध्या वाटेत तपकिरी गाडी तिच्या शेजारून अशी निघून गेली, जणू नर्सची गाडी उभीच आहे. टाळ्या वाजल्या त्या कशाबशा.

नर्स हेल्मेट काखेत मारून खिडकीशी आली. "वहिनी, तो शेवटचा नियम खरा आहे ना?"

"फळ्यावरचा प्रत्येक नियम खरा आहे."

"मग मला यांचं इंजिन हवंय."

दीर आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, महिनोन्‌महिने हातानं घासलंय मी ते!"

नवरा धापा टाकत मनोऱ्यावरून खाली आला. "अगं, घरातली गोष्ट आहे. बोलून मिटवू."

वहिनीने दिराकडे पाहिलं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर शाळेत होता. त्याचं गणित तिनेच घेतलं होतं. पण कठड्यापाशी लोक कान टवकारून उभे होते, आणि आज ती नमली असती तर त्यातलं एकही माणूस पुन्हा रांगेत आलं नसतं.

"घरातलं घरी," ती म्हणाली. "भावजी, इंजिन द्या, नाहीतर वर्षभर कठड्यापलीकडे उभे राहा. दोन्ही तुमच्या हातात आहे."

दीर पाय आपटत गेला आणि हत्यारांची पेटी घेऊन परत आला. "कुणी हात लावायचा नाही. मीच काढणार."

नर्स शेजारी उभी राहून प्रश्न विचारत होती. आधी त्याने एकेका शब्दात उत्तरं दिली, मग एकेका वाक्यात. इंजिन सासूबाईंच्या गाडीत बसेपर्यंत तो हातवारे करून समजावत होता.

"मला हिच्यातून बाजारात जाता येईल ना हो?" सासूबाईंनी विचारलं.

"काकू, ब्रेक वेळेवर दाबा, नाहीतर बाजार मागे राहील."

पुढची शर्यत नर्सने जिंकली आणि ते इंजिन एका टॅक्सीवाल्याने मागून घेतलं. त्याच्याकडून ते ग्रंथपालबाईंकडे गेलं. संध्याकाळी हातचं जाणारं इंजिन सजवायला कोण बसणार? लोक इंजिनाचा नाद सोडून सुटण्याचा सराव करू लागले. रांग फाटकाबाहेर गेली आणि वहिनीला गाड्या उभ्या करायला दुसरी जागा आखावी लागली.

नर्सचं थकलेलं इंजिन दिराच्या वाट्याला आलं होतं. तो पहिल्या फेरीत हरला, पुन्हा हरला, चडफडला आणि मग चक्क सरावाला येऊ लागला. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत तो जिंकला, गाडीच्या नाकाएवढ्या अंतराने. त्याने स्वतःच बॉनेट उघडलं, हात पुसले आणि वाट बघत उभा राहिला. कुणी फिरकलंच नाही.

शेवटी तो खिडकीशी आला. "वहिनी, माझं इंजिन कुणीच मागितलं नाही?"

"नाही, भावजी."

"का? वाईट काय आहे त्यात?"

"काही नाही. सगळ्यांकडे तसंच आहे."

तो फुरंगटून उभा राहिला. मग डोक्यात प्रकाश पडला तसा खो खो हसत सुटला. "म्हणजे आज मी जिंकलो! मी!"

"तुम्हीच. आता खिडकी सोडा आणि त्या नव्या माणसांना क्लच कसा सोडायचा ते दाखवा. केव्हाची ताटकळली आहेत."