नऊशे किलोमीटर, दीड तास

“आई, तू आत्ता आहेस कुठे?” मुलाने फोनवर विचारलं.

“सकाळी सोडलंस तिथेच.”

“असं कसं? विमान तर वेळेवर सुटलं.”

“सुटलं की. परतही आलं.”

पलीकडच्या शहरात वादळामुळे धावपट्टी बंद झाली, तेव्हा विमान निम्म्या वाटेतून वळलं आणि माईंना घेऊन माघारी आलं. दोन शहरांमधलं हवाई अंतर नऊशे किलोमीटर, वेळ दीड तास. माईंचे किलोमीटर भरले होते, दीड तासही भरला होता. शहर तेवढं बदलायचं राहिलं.

नवरा गेल्यावर माईंचं बिऱ्हाड मोडलं. तेव्हापासून त्या सहा महिने इथे मुलाकडे आणि सहा महिने तिथे मुलीकडे राहत. नातेवाइकांत या व्यवस्थेचं फार कौतुक होतं. दीड तासाचं तर अंतर, असं दोघंही सांगत. ज्याची पाळी नसे त्याला मात्र तेवढं ओलांडून आईला भेटायला येणं कधी जमलं नव्हतं.

मुलाने बहिणीलाही फोनवर जोडून घेतलं.

“दादा, ने ना तिला घरी. एका रात्रीचा तर प्रश्न आहे.”

“तिच्या खोलीत हिची मावशी येऊन उतरलीये. आणि आजपासून आई तुझ्याकडे, बरोबर?”

“पोचली का पण? पोचली की माझी.”

“निघाली की तुझी, असं ठरलं होतं.”

“अरे, पार्सलसुद्धा पोचलं नाही तर पाठवणाऱ्याकडेच जातं!”

माई ऐकत होत्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि मध्ये बोलायचं नाही, याचाच त्यांना पगार मिळे. आई अजून लाइनवर आहे, हे भांडणाच्या भरात दोघंही विसरली होती.

“बरं बाई, हॉलमध्ये टाकतो गादी,” मुलगा म्हणाला. “पण हे तुझ्या सहा महिन्यांत धरायचं.”

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी माईंकडे वळली. “आजी, विमान आता उद्या सकाळी. गावातल्या लोकांना घरी सोडतोय, बाहेरगावच्यांना हॉटेल देतोय. तुम्ही इथल्याच ना?”

याच शहरात माईंचं लग्न झालं होतं, नोकरी झाली होती आणि दोन बाळंतपणंही.

“बाहेरगावची,” माई म्हणाल्या.

“मग इथे कुणाकडे आला होतात?”

“आहेत ओळखीचे.”

फोनमधलं भांडण एकदम थांबलं. “आई? तू... ऐकत होतीस?”

“तुमचं चालू द्या,” माई म्हणाल्या. “मी मधून निघते.”

हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर त्यांनी आधी आतून कडी लावली. दोन्ही घरांत त्यांच्या दाराची कडी काढून टाकलेली होती, काळजीपोटी. मग चपला काढून, भर दुपारी, दोन माणसांच्या त्या पलंगावर त्या बरोबर मध्यभागी आडव्या झाल्या.